आईच्या पाटल्या

तात्या,

आईच्या हातांत चार पाटल्या होत्या. दरवर्षी गौरींना घालायला त्या साबण लावून काढाव्या लागतात आणि आई ओरडते, "मनगट मोडतीस का माझं!" आज थोरल्या गौरीला साडी नेसवताना ती वाकली आणि उजव्या हातातल्या दोन्ही आपोआप खाली पडल्या. मी साबण हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मग तिचं पोलकं पाहिलं. ते आतून दोन्हीकडं पिनांनी आवळलंय. दोन महिने जेवण जात नाही, पोटात दुखतंय, हे तिनं आत्ता सांगितलं. वर म्हणते, "सण हाय घरात, राजे. गौरी बोळवल्यावर बघू." मी रोज तिच्याशेजारी जेवते, तात्या.

आम्ही बारामतीला दवाखान्यात निघालोय. तुमचा मोबाईल घरीच राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी. लासुर्ण्याहून आणलेल्या आत्यांना इथं घरी ठेवून लगेच दवाखान्यात या. धाकट्या गौरीच्या निऱ्या तेवढ्या आत्यांना लावायला सांगा. उद्याच्या जेवणाची आमंत्रणं मोडू नका, याच अटीवर आई गाडीत बसलीय.

डॉक्टर विचारतील म्हणून निघताना गोठ्यातल्या काट्यावर तिचं वजन केलं. चैत्रातल्या आरोग्य शिबिरात ते एकसष्ट किलो होतं. काटा बिघडलाय असं वाटून पेंडीचं पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. ते बरोबर पन्नास भरलं. आईला पुन्हा उभं केलं. त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

राजेश्वरी