झाडू पुढे, मी मागे

ती. आईस, धाकटीचा नमस्कार.

आमचं हायड्रोजनवर चालणारं इंजिन अखेर सुरू झालं! तुझ्या शिलाई मशीनएवढंच आहे, आणि धुराऐवजी वाफ सोडतं. बाबांचा खोकला कसाय? गॅरेजच्या धुरात जन्म गेला त्यांचा. हे त्यांना दाखवायचंय.

"शीक, नाहीतर हाती झाडू येईल," म्हणायचीस ना? शिकले, तरी आलाच! हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. म्हणून गळती शोधताना झाडू पुढे धरून चालायचं. तो पेटला की जागीच थांबायचं. तेव्हा काळजी नको, झाडू पुढे, मी मागे.

फोटो मात्र इतक्यात मागू नकोस. परवा आनंदाच्या भरात झाडू न घेताच गेले. भुवया उगवल्या की पाठवते.

तुझीच,
धाकटी