एका टाचणीवरची दोघं

३ डिसेंबर, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्रास कारण आहे, पण ते मागाहून. मी बरी आहे, म्हणजे उभी आहे. मान धरते, डोळे चुरचुरतात, आणि अंगात डांबराच्या गोळ्यांचा वास इतका मुरलाय की परवा बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी नको सांगितलं तरी तू जिने चढतच असशील. पिल्लूचं कॉलेज?

आमची भुंगेऱ्यांची सूची एकदाची छापायला निघाली. संग्रहालयाची कपाटंच्या कपाटं उपसली. एकेक भुंगेरा भिंगाखाली धरायचा, पाय, मिशा, पाठीवरचे ठिपके बघायचे आणि याला आधी कुणी नाव दिलंय का ते शोधत बसायचं. साहेब रोज दारात उभे. "उरकलं का?" मी म्हणते, "किडे आहेत साहेब, रांगेत उभे राहत नाहीत." पूर्वी हसायचे तरी.

मागच्या भेटीत तू पुन्हा तेच विचारलंस. दादाने शेवटच्या फोनवर तुला "एक गंमत सापडलीय गं, आल्यावर सांगतो" म्हटलं, ती कसली? मीही पुन्हा तेच म्हटलं, कुणास ठाऊक.

गेल्या आठवड्यात मी त्याने गोळा केलेल्या भुंगेऱ्यांची शेवटची पेटी उघडली. रानातून परत येताना गाडी उलटून तो गेला, त्यानंतर सामानाबरोबर आलेली. इतकी वर्षं कपाटावर पडून होती. मला उघडवत नव्हती, आणि उघड म्हणायची कुणाची छाती नव्हती. सूचीमुळे इलाज उरला नाही.

आता सांगते. घोटभर पाणी पिऊन घे.

तो गेल्यावर त्याच्या जुन्या पेट्यांतल्या ज्या शिंगवाल्या भुंगेऱ्याला मी त्याचं नाव दिलं, ज्याचं चित्र तू फ्रेम करून लावलंयस, तो नवा नव्हताच. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी एका बिनशिंगाच्या भुंगेऱ्याला नाव देऊन ठेवलंय. दिसायला इतका वेगळा की दोघांचा संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती मादी निघाली, आणि दादाचा शिंगवाला तिचा नर. एका जातीला दोन नावं चालत नाहीत. जुनं राहतं, नवं जातं. दादाचं जातं.

गप्प बसता आलं असतं. या भुंगेऱ्यांवर काम करणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. बसलेही गप्प काही दिवस. तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पिल्लू शाळेत "माझ्या बाबांचा भुंगा" म्हणून मिरवायची, तेही आठवलं. रडले. मग नाव खोडलं. तू रागावशील, रागाव. पण दादाच्या नावावर खोटं छापणं माझ्याने होईना.

तू म्हणशील, वन्सं, खात्री आहे का? आहे. आमच्यात एक रीत असते. नर-मादी मीलनात जुळलेली सापडली तर दोघांना एकाच टाचणीवर लावायचं, वर एक, खाली एक, म्हणजे पुढे कुणी त्यांना परकं समजू नये. दादाच्या पेटीत तशी एक टाचणी आहे. वर शिंगवाला, खाली बिनशिंगाची. त्याखाली चिठ्ठी, त्याच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. जागा, त्याचं नाव, आणि तारीख. त्या फोनच्याच दिवसाची.

वहिनी, गंमत ती हीच. ही दोघं नवरा-बायको आहेत, एवढंच त्याला घरी येऊन तुला सांगायचं होतं.

फ्रेम ठेवायची की उतरवायची ते तू ठरव. पण टाचणीवरची चिठ्ठी कुणी कधी काढायची नाही, असा आमचा नियम आहे, तेव्हा त्याचं नाव तिथे राहील. गुडघ्याला बरं वाटलं की ये. पेटी मी माझ्या टेबलावरच ठेवलीय.

त्याचा निरोप इतक्या उशिरा पोचवणारी,
तुझी वन्सं