डावीकडचं वजन

१२ फेब्रुवारी १९८३. जवाहरनगर, पोराचं फॅक्टरीतलं क्वार्टर.
मी बोलून राहिली, सून शोभा लिहून राहिली. नागपूरच्या डॉक्टरीणबाईचा हुकूम आहे: हात किती वर जाते, कुठं दुखते, सगळं टिपून ठेवा. मले अक्षर येत नाही, म्हणून हिले धरलं. टाके सुकले. हात खांद्यापर्यंत जाते. गाठीसंगं डावा स्तन गेला. इथं शोभा थांबली. म्हटलं, लिही वं, माझा होता. मले लाज नाही, तुले कायची?

१९ फेब्रु.
चालताना उजवीकडे झोल जाते. कावडीची एक घागर उतरवली तर दुसरी ओढते तसं. पाठ दुखते. डॉक्टरीणबाई म्हणते, रबराचा स्तन मिळते, पण मुंबईहून मागवावा लागते. नाही तर घरी शिवा. आकार पाहा, वजनही पाहा.
पाठीचं मी सोसलं असतं. पण उन्हाळ्यात अड्याळले नातीचं लग्न. सुमन, माझ्या लेकीची पोर. मांडवात नवरदेवाच्या आजीची न् माझी गळाभेट होणार, साऱ्या गावासमोर. तिच्या छातीले माझी सपाट बाजू लागली तर? आजीले हा रोग, म्हणजे नातीच्याही रक्तात असन, असं म्हणायले लोक मोकळे. पोरीच्या कपाळी कायले?

२ मार्च
शोभानं आपल्या ब्लाऊजच्या मापानं थैली शिवली, कापूस भरला. गोल, ताठ. म्हटलं, अवं, हे नव्या नवरीचं झालं. उजवी पाहा, कशी निवांत बसली आहे. डावी अशी उभी राहिली तर लोक म्हणतील, बुढी अर्धीच बुढी झाली.
त्यात कापूस हलका. पाण्याचा गुंड उचलला तर थैली गळ्यापाशी.

५ मार्च
माप घेतलं. उजवी बाजू एकेका भांड्यात धरून पाहिली. वाटीत मावेना, गंजात हरवली. दह्याच्या कटोऱ्यात बरोबर बसली. शोभा म्हणे, "आई, आता त्या कटोऱ्यात दही कोणी खाणार नाही." म्हटलं, तुझ्या नवऱ्याची तर सुरुवातच तिथून झाली.
हसून हसून तिच्या हातून सुई पडली.
मग कटोराभर धान, घरचंच. थैली खालून जड, वरून ढिली. वयाले शोभेल अशी.

९ मार्च
फॅक्टरीच्या बस थांब्यापर्यंत जाऊन आली. सरळ. पाठ गप. पदर चारदा ओढला नाही. घरी येऊन चहा मागून घेतला, मोठ्या आवाजात.

१४ मार्च
घात झाला.
घामानं थैली वास मारत होती. चार दिवसांमागं शोभा बाजारात गेली तशी मीच धुतली, न उसवता. बाहेर दोरीवर टाकायची लाज. क्वार्टरच्या बाया एकमेकींच्या दोरीवरचं पाहतातच. म्हणून ओल्या टॉवेलात गुंडाळून चुलीमागच्या टोपल्यात दडपली, आणि विसरली. आज काढली तर शिवणीतून पांढरे कोंब! बी रुजवायले धान असंच भिजवून दडपतो आपण. जन्म गेला त्यात, न् मलेच सुचलं नाही.
पोरगा पाहून गेला. तोंड वळवून म्हणते, "माय, धानाचा रोवणा कधी लावाचा?"
थांब म्हणावं, पहिली पेंढी तुलेच देईन.

२० मार्च
आता लाखोरीची डाळ. भरडलेली डाळ उगवत नाही. तव्यावर शेकून घेतली, कीड नको. अंगाकडून कापसाचा पदर. चोळीले आतून दोन नाड्या. खाली वाकली, तर दोन्ही बाजू संगंच वाकल्या. सख्ख्या बहिणी.
धुवाची असली की डाळ काढून घ्यायची, खोळ उन्हात. भर दोरीवर. शेजारीण विचारते, "अम्माजी, ये क्या सिला?" म्हटलं, "पुरानी चीज का जोड़ा." काही समजली नाही, पण मान हलवली.

६ मे. अड्याळ.
लग्न लागलं. सुमन छान दिसली. मग वाजंत्री, न् आमची भेट. नवरदेवाची आजी आडव्या अंगाची. तिनं गच्च आवळलं. डाळ जागची हलली नाही. सुटली बाई मी, असं मनात म्हटलं, पण ती सोडेना. कानात म्हणते, "विहीणबाई, मांडव उलगला, पाहुणे पांगले का माजघरात या."
गेली. दार लोटलं तिनं. माझा हात धरून आपल्या काखेखाली नेला. बोराएवढी गाठ.
"पोरांले सांगितलं नाही. लग्न मोडलं असतं. तुमच्या वळखीची नागपुरात डॉक्टरीणबाई आहे म्हणे."
मी खो खो हसली. ती घाबरली. मग मी नाडी सोडून थैली तिच्या हातावर ठेवली. वजन करून पाहिलं तिनं, दाबून पाहिलं. म्हणे, "मांडवात तर समजलंच नाही!" मग दोघी हसलो. हसता हसता ती रडली, पण मोकळी दिसली.

११ मे. जवाहरनगर.
विहीणबाई काल आल्या. बाहेर सांगितलं, पाहुणचार आहे. उद्या दोघी नागपूरले, डॉक्टरीणबाईकडे. गाठ साधीही असते, मी सांगितलं तिले. असतेच.
जेवली पोटभर. दहीही खाल्लं. कटोरा कोणता, मी बोलली नाही.
शोभा हळूच विचारते, "आई, आणखी एक कापड कापून ठेवू का?"
म्हटलं, शिलाई मशीन झाकून ठेव.