बाबांचा रिपोर्ट

रोहा,
११ डिसेंबर २०२४

प्रिय निशी,

आशीर्वाद. आईला माझा नमस्कार सांग. भात झोडून झालं, वाल पेरले, एवढं तिच्याकडून फोनवर कळलं. तिच्या गुडघ्याला रोज तेल लावतेस ना?

इकडे सगळे बरे आहेत. आदर्श चौथीत आहे, सतराच्या पाढ्यावर अजून अडखळतो. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ह्यांना या महिन्यात सगळी सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे दुपारनंतर घर शांत असतं. म्हणून लिहायला बसले. फोनच करणार होते. दोनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला.

गेल्या आठवड्यात तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. कॉलेजने कळवलं, मधे खंड फार पडला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आता परत घेता येणार नाही. हे तू अगदी शांतपणे सांगितलंस. सोमवारपासून वडखळला पॅकिंगच्या कामाला जाणार, तेही शांतपणे. मग म्हणालीस, "बाबांना धड मरतासुद्धा आलं नाय गो ताई. कागदावर कोरोना असता तर मी आज नर्स असते." आणि हसलीस.

निशी, बाबांना बोल लावू नकोस. त्यांच्याकडून काही चुकलं नाही.

तुला ठाऊक आहे ते एवढंच. एकवीसच्या एप्रिलमध्ये बाबा तांदूळ आणि वालाचं गाठोडं घेऊन माझ्याकडे आले, दोन दिवसांनी त्यांना ताप भरला, आणि तापाच्या सहाव्या दिवशी सकाळी ते गेले. डॉक्टरांनी घरी येऊन पाहिलं आणि दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. टेस्ट झालीच नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

टेस्ट झाली होती.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःच्या पायांनी जाऊन रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, साधा ताप असेल, कशाला? तर म्हणाले, "घरात बारका हाय. खरं काय ते कळू दे." सहाव्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन आला म्हणून मी रिपोर्ट आणायला गेले. बाबा पॉझिटिव्ह होते. घरी येऊन पाहते तर सासूबाई त्यांच्या उशाशी उभ्या, तोंडाला पदर लावून. मी वीस मिनिटांसाठी बाहेर गेले होते, तेवढ्यात ते गेले.

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "टेस्ट केली होती का?" रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

आईला बाबांचं तोंड दिसावं म्हणून मी तसं केलं, असं साडेतीन वर्षं स्वतःला सांगत आले. कोरोना म्हटलं असतं तर त्यांना बांधून इथूनच नेलं असतं, हे खरंच. पण त्या क्षणी माझ्या मनात आई आधी आली नाही. आधी ह्यांचं काम आलं. हे तेव्हा कंत्राटावर होते. घरात पॉझिटिव्ह निघाला की कंपनीच्या गेटवरून परत पाठवायचे, आणि परत गेलेल्यांतले कितीतरी पुन्हा कामावर घेतलेच नव्हते. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याला पत्रे ठोकलेले मला खिडकीतून दिसत होते. मी माझं घर वाचवलं, निशी. एवढंच केलं मी.

रघूकाका आपला टेम्पो घेऊन गावाहून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बातमी कळली आणि निघाले. बाबांना त्यांनी स्वतः उचललं, डोकं मांडीवर घेऊन मागे बसले, टेम्पो ह्यांना चालवायला दिला. मी पुढे बसले होते. काचेतून सगळं दिसत होतं. नागोठण्यापर्यंत मनात म्हणत होते, सांगते, आता सांगते. मग पेण आलं, मग गाव आलं.

सतराव्या दिवशी रघूकाका अलिबागच्या हॉस्पिटलात वारले.

पुढचं तू भोगलंस. कोरोनात आई किंवा वडील गेलेल्या मुलांची कॉलेजची फी सरकार माफ करणार, असं निघालं. रघूकाकांच्या कागदावर कोरोना होता, त्यांच्या पूजाची फी माफ झाली. तू आणि पूजा एकाच वर्गातल्या, एकाच एसटीने पेणला जाणाऱ्या. दोघींचे बाप सतरा दिवसांच्या अंतराने एकाच आजाराने गेले, आणि तुझा अर्ज परत आला. तू कुठे कुठे फिरलीस ते मला माहीत आहे. मला फोन करून विचारलंस, "ताई, नीट आठव गो, बाबांची टेस्ट कुठं केली व्हती का?" मी म्हटलं, नाय.

तेव्हा तर ह्यांच्या कामाची भीती उरली नव्हती. ते कायम झाले होते. तेव्हा भीती रघूकाकांची होती. रिपोर्ट बाहेर आला असता तर त्यावरची तारीख इंदुकाकूंनी वाचली असती. माहीत असून मी त्यांच्या माणसाला बाबांना उचलू दिलं, हे गावाला कळलं असतं. म्हणून मृत्यू कोरोनाचा की नाही ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे तू मला साक्षीला नेलंस तेव्हाही मी लिहून दिलं, टेस्ट झालेली नाही. खाली सही केली. बाहेर आल्यावर तू मला उसाचा रस पाजलास. म्हणालीस, "तू आलीस तेच बरं वाटलं."

तुझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी पेणला, तुझा अर्ज परत आला त्या कचेरीत जाऊन आले, तुला न सांगता. रिपोर्ट घेऊन गेले होते. तो मी फाडला नव्हता. लग्नातल्या शालूखाली ठेवला होता. खिडकीवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "कागद खरा हाय ओ ताई, पण अर्ज घेणं कधीच बंद झालंय. तेव्हा का नाय आणलात?" मागे माणसं उभी होती. मी बाजूला झाले.

अजून एक राहिलं. हे लिहायचं नव्हतं. टेस्ट करून आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं होतं. धाप लागत होती तरी सावकाश बोलले. "काय झालं आन् पॉझिटिव्ह निघालो, तर मला गावाला नेऊ नको गो. हितंच काय ते करा. कुणाला लागायला नको." मी हो म्हटलं होतं.

रिपोर्ट या पत्रात घालते आहे. तुला त्याचा आता काही उपयोग नाही, तरी तो तुझा आहे. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. रविवारी मी गावी येते आहे. आधी इंदुकाकूंच्या दारात जाईन. पूजा पनवेलहून सुट्टीला आली असेल तर तिच्यासमोरच सांगेन. मग आपल्या घरी येईन. तू बोलली नाहीस तरी चालेल. बोलू नकोस.

मला क्षमा कर असं वर एकदा लिहिलं होतं, ते खोडलं. ते मागायला मला तोंड नाही. फक्त बाबांवरचा राग काढून घे आणि माझ्यावर ठेव. तो माझा आहे.

'तुझी ताई' लिहायला हात धजत नाही.

नूतन