कर्णावर कापलेला गालिचा

कैरुआन, मंगळवार

आदरणीय तिजानीमामांना भाचा हश्मीचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? स्फाक्समध्ये मासळी स्वस्त झाल्याचं ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक, फक्त माझं लग्न मोडायच्या बेतात आहे.

सलवाच्या आजीने वाकड्या मागावर विणलेला गालिचा तुम्ही पाहिलाय. पार समांतरभुज चौकोन. (आजी शेवटपर्यंत म्हणायची, घरच वाकडं आहे.) ती गेल्यावर सलवाची आई मन्नूबिया आणि दूजामावशी या दोघी बहिणींनी त्यावरून वर्षभर अबोला धरला. मी होणारा जावई, त्यातून भूमितीचा मास्तर, गप्प कसा बसणार? म्हटलं, कर्णावर कापा. समोरासमोरच्या बाजू सारख्या, कर्ण सामाईक, म्हणजे बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. दोघींनी ऐकून घेतलं आणि इथली कुठलीही विणकरीण करेल तेच केलं: गालिचा कर्णावर दुमडून पाहिला. टोकं जुळेनात. (जुळणारच नाहीत, एक त्रिकोण अर्धा फेरा फिरवून ठेवावा लागतो.) हे सांगितल्यावर दूजामावशी म्हणाली, "माणसाला डोक्यावर उभं करून कुणी उंची मोजतं का रे?" माझं डोकं फिरलं आणि मामा, मी कात्री उचलली.

कापला, फिरवला, एकावर एक ठेवला. एका धाग्याचा फरक नाही. वर्षभरात पहिल्यांदाच दोघी बहिणी एका सुरात बोलल्या, "सारखेच होते तर कापलेस कशाला?"

आता गोची अशी, की या घरची मुलगी मेंदीला याच गालिच्यावर बसते. अर्ध्यावर बसवली तर संसार अर्धा, असं दोघींचं एकमत. सलवा म्हणाली, सिद्धता चोख होती, पण गालिचा अखंड होईपर्यंत तोंड दाखवू नकोस. मेंदी पुढच्या बुधवारी आहे. मला घास गिळवत नाही. (कुसकुस दोनदा घेतला, पण चव लागली नाही.) ती नाही म्हणाली तर मी काय करेन, मला खरंच माहीत नाही.

तुमचा,
हश्मी

ता. क. सांधा दिसू न देता गालिचा जोडणारी एकच बाई आहे, तुमच्या स्फाक्समधली बेहिया. चाळीस वर्षांपूर्वी साखरपुडा करून तुम्ही जिला सोडलंत तीच. अजून एकटीच असते, तुमच्यासारखी.

दुसरा ता. क. तिला मी आधीच कळवलं होतं. यायला तयार आहे, पण म्हणते, तिजानीने स्वतः दारात येऊन विचारावं. काय विचारावं ते लिहिलेलं नाही. तुमच्या वतीने मी होकार कळवून टाकला आहे.