बोळात शिरलेली चार विमानं

प्रिय ऑरिन,

तुझं निवडुंगाचं कार्ड मिळालं. एवढीशी जागा आणि एवढी मोठी बातमी, हे तुलाच जमतं. घराला गिऱ्हाईक आलंय, डॉक्टरांनी तुला एकट्याने राहायला मनाई केली म्हणून तुझी लेक कार्ना तुला आता इकडे परत पाठवायला तयार नाही, महिनाअखेर सही करायची आहे, आणि मग अगदी शेवटी, तिकिटाच्या कडेला चिकटून, ‘तुझं काय मत?’ माझं मत कार्डाच्या कोपऱ्यात मावणारं नाही. ते सांगणार आहे, त्यासाठीच बसलेय. पण आधी विमानतळाच्या खुल्या दिवसाचं माझ्याकडून ऐक, नाहीतर गेलन फोन करेल आणि तिखटमीठ लावून भलतंच सांगेल. परवापासून तो गावात दुसरं काही बोलतच नाहीये.

तू गेल्यावर आपली विमानांची चौकडी तिघांची झाली होती, मी, गेलन आणि ट्रिश. वसंतात सगळे कॉफीला जमलो तेव्हा ट्रिश फार हळवी होऊन म्हणाली, यंदा तिघंच उडू या, ऑरिनची जागा मोकळी ठेवू या, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मी कप आपटला. म्हटलं, अगं बाई, मोकळी जागा मेलेल्या माणसासाठी ठेवतात, तो ॲरिझोनाला गेलाय, लेकीच्या घरी चांगला तीन वेळ जेवतोय! सगळं कॅफे माझ्याकडे बघायला लागलं. गेलन डुकरांच्या खाद्याच्या भावाची बातमी वाचत होता, त्याने पेपर खाली केला आणि म्हणाला, ‘मग पुढे तू हो की. नुसती बडबड काय करतेस.’ झालं. तू शिकवलेला औषधाच्या दुकानातला ड्वाइट शेवटच्या जागेवर घेतला, आणि मी, जिने जन्मात कधी कोणाच्या पुढे उडायची हौस केली नाही, ती पहिल्या नंबरवर. खरं सांगते, त्या दिवसापासून मला नीट झोप नव्हती. मागच्यांनी फक्त पुढच्या विमानाकडे बघायचं, खाली नाही, समोर नाही, हा नियम तूच आमच्या डोक्यात हातोड्याने ठोकलास. आता ते तिघं माझ्याकडे बघणार, आणि मी कोणाकडे बघू?

शनिवार मात्र छान उजाडला. वारा जरा आडवा होता, पण तक्रार करावी असा नाही. अग्निशामक दलाची पोरं मोठ्या हँगरमध्ये पॅनकेक भाजत होती आणि यंदाही पहिला घाणा जळाला. रांगेतला प्रत्येक माणूस पॅनकेकच्या आधी तुझी चौकशी करत होता. ‘ऑरिन कसा आहे?’ ‘बरा आहे.’ ‘परत कधी येणार?’ यावर मी सॉसेज घेते असं म्हणून पुढे सरकायची. एवढे सॉसेज मी वर्षभरात खाल्ले नसतील.

मग नेहमीसारखे आम्ही आधी पायी उडालो. मी पुढे, बाकीचे आपापल्या जागी तिरके उभे, आणि सगळ्या लोकांसमोर डांबरावरून चालतोय, मी मोठ्याने ‘उजवीकडे वळतेय… आता’ म्हणतेय आणि चार पोक्त माणसं एकदम उजवीकडे झुकतायत. कॅफेवाल्या बेवच्या हातात यंदाही माइक होता. ती म्हणाली, ‘मंडळी, घाबरू नका, यांना काही झालेलं नाही, हे असेच आहेत.’ मी घाईत लांब ढांगा टाकायला लागले. ट्रिश मागून हळूच म्हणाली, ‘मार्लिस, भरलेला कप हातात घेऊन चालतेस ना, तशी ने आम्हाला.’ तुझंच वाक्य. मला बरं वाटलं आणि तुझा रागही आला, की तू तिथे नव्हतास.

आणि ऑरिन, वर गेल्यावर मी पहिल्यांदा समोर बघितलं. बारा वर्षं मी या कार्यक्रमात उडतेय आणि कार्यक्रम म्हणून कधी बघितलाच नव्हता! मला ठाऊक होता तो तुझा उजवा कान, तुझी ती कळकट टोपी आणि तुझ्या पंखाच्या टोकावरचा दिवा. परवा मला अख्खं गाव दिसलं. मक्याच्या शेतांमधून गेलेला सरळ रस्ता, पाण्याची टाकी, गवतात लावलेल्या गाड्यांच्या रांगा, आणि एकदम वर झालेली ती सगळी तोंडं. हे सगळं इतकी वर्षं तू एकटा बघत होतास, आणि खाली उतरून कधी चकार शब्द काढला नाहीस! एका वळणावर मी बघतच राहिले आणि जरा जास्तच वाकले, तेव्हा ट्रिश रेडिओवर म्हणाली, ‘बाई, मागे माणसं आहेत.’ त्यानंतर मात्र अगदी जपून नेलं. गर्दीवरून आम्ही पतंगाच्या आकारात गेलो, मग तिरकी ओळ केली, एकेक सुटलो आणि उतरलो. ड्वाइट एवढा छान टेकला की मलाच हेवा वाटला.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. आता फक्त जमिनीवरून विमानं चालवत लोकांपुढे यायचं, ओळीत थांबायचं आणि एकदम डोक्यावरच्या काचा उघडायच्या. पण माझा जीव असा काही भांड्यात पडला होता की मी डोकं बंद केलं आणि रोजच्या सवयीने डावीकडे वळले. सरळ आमच्या हँगरांच्या बोळात. आणि माझ्या मागोमाग, जराही अंतर न सोडता, गेलन. त्याच्या मागे ट्रिश. त्यांच्या मागे ड्वाइट. मला माझं बंद दार समोर दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. मागे सरकता या विमानांना येत नाही, वळायला जागा नाही, चारही पंखे बंद. मग रेडिओवर गेलनचा आवाज आला, ‘मार्लिस, जेवायला काय केलंयस?’ तिकडे बेव लोकांना सांगत होती, ‘मंडळी, आपले वैमानिक बहुतेक घरी गेले!’ शेवटी अग्निशामकची पोरं पाकाच्या चिकट हातांनी आली आणि त्यांनी एकेक विमान शेपटीकडे ओढत बाहेर काढलं. एवढ्या टाळ्या तुला कधी पडल्या नव्हत्या, हे लिहून ठेवते.

संध्याकाळी खुर्च्या आवरताना मी गेलनला म्हटलं, अरे, तुला दिसत नव्हतं मी चुकीच्या बाजूला वळले ते? तो म्हणाला, ‘कसं दिसणार? मी तुझ्याकडे बघत होतो. आपण कुठे चाललोय ते बघायचं काम तुझं.’ आणि गेला खुर्च्या उचलून. मला हसताहसता रडू आलं. ऑरिन, गेलन, ज्याने आयुष्यात बायकोचंही ऐकलं नाही, तो माझ्या मागून भिंतीपर्यंत आला असता. मी फार सुखात घरी गेले. दिवा लावला, ही बातमी सांगायला वळले, आणि सांगायला कोणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की तुझ्या कार्डाला काय उत्तर द्यायचं ते.

तर माझं मत. घर खुशाल विक. जिना उंच आहे, तळघरात पाणी येतं, आणि गिऱ्हाईक परत मिळेलच असं नाही. पण सामान तिकडे नेऊ नकोस, माझ्याकडे आण, आणि तूही ये. पाहुणा म्हणून म्हणत नाहीये, मी तुला लग्नाचं विचारतेय. एकट्याने राहायचं नाही असं डॉक्टर म्हणतात ना, नाही राहणार. काल मी कार्नाला फोन केला, म्हटलं, तुझा बाप मागायला फोन केलाय. ती म्हणाली, ‘त्यांना विचारलंत का?’ म्हटलं, आधी तुला विचारतेय. तर म्हणाली, ‘मार्लिस, मग लवकर विचारा, ते आत्ता वयस्करांच्या इमारतीतलं घर बघायला निघालेत.’ म्हणून हे पत्र आजच्या टपालाने. तुला विमान चालवायची परवानगी नाही, ठीक आहे, माझ्या विमानात दोन खुर्च्या आहेत. इतकी वर्षं तुझ्याकडे बघत राहणं हे माझं कामच होतं, त्यामुळे कोणाला, तुलासुद्धा, त्यात काही वेगळं दिसलं नाही. आता मी पुढे असते आणि मला फक्त समोर बघावं लागतं. तू मला दिसायला हवास, तर तुला माझ्या शेजारीच बसावं लागेल.

हो म्हणालास तरी आणि नाही म्हणालास तरी तुझीच,
मार्लिस