पंख्यातल्या अक्षता

शुक्रवार, १८ नोव्हेंबर २०११
अमडापूर

मंगळवारी मी इथे लिहिलं की माझ्या खोलीत रचलेल्या कापसाची रुई आत जाऊन कॉम्प्युटर तापतो, घरघरतो. ते चूक आहे. बाबांनाही मी तेच सांगितलं होतं, न तपासता.

आज कॉम्प्युटरचा डबा उघडला. रुई नावाला होती. पंख्यात अडकल्या होत्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि कुंकवाच्या अक्षता. दसऱ्याच्या पूजेत मीच वरच्या जाळीवर ओंजळभर वाहिल्या होत्या. जुन्या ब्रशने सगळं काढलं. आता पंखा ऐकूही येत नाही, पत्रा हाताला गार लागतो.

आणि बाबा भाव वाढेपर्यंत ठेवलेला बीटीचा कापूस सोमवारी विकायला निघालेत. फक्त माझ्यासाठी, कॉम्प्युटर जळू नये म्हणून. जेवताना म्हणाले, "गाडी सांगतली म्या. तुही मशीन जयाली नाई पायजे."

आई हसली. "पोरीच्या मशीनपायी का होईना, घरात पाय टाकाले जागा तं झाली!"

मी भाकर मोडत राहिले. का बोलले नाही? आईने पाठ वाकवून वेचलेला कापूस तो. मला भीती कसली, तर घरातली पहिली शिकलेली पोर चुकली असं दिसेल, याची. त्या अक्षता मी चक्क कागदात गुंडाळून लपवल्या. बाबा तर म्हणतात, "त्यातलं तुलेच समजते." त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही.

भाव पडलेलाच आहे. उद्या, शनिवारी, बाबा वावरात निघायच्या आधी मी त्यांना खरं सांगणार.